मामांचा बायलॅटरल

डॉक्टरांचं अक्षर वाचणं ही एक विद्या आहे, आणि अख्ख्या शहापूर तालुक्यात ती माझ्याइतकी कुणालाही साधलेली नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो! मी शेखर. शहापूरच्या बाजारात एका मेडिकलच्या काउंटरवर माझं निम्मं आयुष्य गेलं. ज्या चिठ्ठीवर मुंगी शाईत बुडून फिरल्यासारखं दिसतं, ती मी एका नजरेत वाचतो. एकदा तर एक डॉक्टर स्वतःच लिहिलेली चिठ्ठी घेऊन आले आणि हळूच म्हणाले, "शेखर, मी काय लिहिलंय रे?"

फक्त एक बारीकशी गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नव्हती. मला वाचता येतं. अर्थ कळतो असं मी कुठं म्हटलंय? औषधांची नावं मला तोंडपाठ, पण रोगांच्या नावांशी आमचा संबंध नाही. रोग डॉक्टरांकडे, गोळी आमच्याकडे!

तर माझी सासुरवाडी किन्हवलीची. तिथल्या शाळेत डोळे आणि कान तपासायचं शिबिर भरलं. माझे सासरे पंढरीमामा सत्तरी ओलांडलेले, प्रकृती सागवानी, पण कानानं पार गेलेले. हाका मारून मारून हौसामामींचा घसा कायमचा बसला होता. माझी बायको अनिता माहेरी आलेलीच होती, तिनं वडलांना शिबिरात नेलं. डॉक्टरांनी कान बघितले, डोळे बघितले, कार्डावर काहीतरी खरडलं, कानात घालायचे थेंब दिले आणि चार दिवसांनी शहापूरच्या दवाखान्यात बोलावलं. गर्दीत अनिताला काही विचारता आलं नाही. आणि विचारायचं कशाला? घरचा जावई आहे ना वाचायला!

संध्याकाळी मी पोचलो तेव्हा ओटीवर बैठक भरलेली. शेजारचा चंदर तर सगळ्यांत पुढे. मी पाय धुतले, चहा बाजूला ठेवला आणि कार्ड हातात घेतलं. मंगलाष्टकं म्हणताना भटजी लावतात तसा आवाज लावला.

"बायलॅटरल... इम्पॅक्टेड... सेरुमेन!"

ओटी चिडीचूप!

"प्रेसबायक्युसिस! प्रेसबायोपिया! आर्कस सेनिलिस!"

"आई गो!" मामी म्हणाल्या.

"येवढं सगळं एकाच मानसाला?" चंदरनं विचारलं. "म्हंजे काय वो?"

आता आली का पंचाईत! काय असेल ते मला काय ठाऊक! पण इतक्या लोकांसमोर 'माहीत नाही' म्हणायला जीभ वळेना. मी चष्मा काढला, पुसला आणि म्हणालो, "तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगणं कठीण आहे." हे अगदी खरं होतं.

मामींनी पदर सावरला. "पथ्य काय पाळायचं?"

हा प्रश्न मात्र माझ्या हातातला! रोज काउंटरवर पन्नास लोक विचारतात. कानातल्या थेंबांना कसलं आलंय पथ्य? मी मोकळेपणानं म्हणालो, "पथ्य काही नाही मामी. त्यांना जे खावंसं वाटेल ते खाऊ द्या."

कुणी काही बोलेना. चंदरनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. अनितानं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, काय हा माझ्या वाचनाचा परिणाम!

"आन् डॉक्टरांनी चार दिसांनी बोलावलंय..." मामींनी बोटं मोजली. "चारच दिस?"

"हो, चारच. तोवर थेंब घालत राहा. पुढचं काय ते मग बघू."

मामी उठून आत गेल्या. मामा आमच्याकडे बघून समाधानानं हसत होते. त्यांना यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं. मी शेवटची एसटी पकडून शहापूरला परतलो आणि छान झोपलो.

सकाळी दुकान उघडतोय तोच अनिताचा फोन. हुंदक्यांवर हुंदके!

"बाबांना बायलॅटरल झालाय, आणि तुम्ही तिकडे गोळ्या विकत बसलाय?"

माझ्या हातातून शटरची किल्लीच पडली. "कु... कुणी सांगितलं?"

"आता लपवू नका! सगळ्या गावाला कळलंय. बाबा आता थोड्या दिवसांचे सोबती!"

मी मटकन पायरीवर बसलो. म्हणजे ते नाव खरंच इतकं भयंकर होतं? बहुतेक डॉक्टरांनीच मागाहून फोन करून सांगितलं असणार! आणि मी ते भयंकर नाव एखाद्या लग्नपत्रिकेसारखं वाचून दाखवलं! आता 'नक्की काय झालंय' हे विचारायचं तरी कुणाला? अख्ख्या गावात ते कार्ड वाचणारा मी एकटा. ज्यानं वाचलं त्यानंच विचारायचं? फोनवर शोधायला गेलो, पण मनात आलं, नकोच. मरणाची बातमी दोनदा कशाला वाचायची! मला मामांचा खरंच लळा आहे हो. दुकान साथीदारावर टाकलं आणि किन्हवली गाठली.

अंगणात हे माणसांचं रान! जो येतोय तो बिस्किटांचा पुडा आणि नारळ घेऊन. आणि मधोमध खाटेवर पंढरीमामा, हातात कोंबडीची तंगडी! ज्या माणसाला मामी वर्षानुवर्षं तेलाचा थेंब मोजून देत होत्या, त्याच्यापुढे वडे, सुकट, तांदळाची भाकरी, खीर. शेजारच्या पारूनं कालवण आणलेलं, सापगावच्या नातेवाइकांनी मासळी. मामांच्या चेहऱ्यावर असं तेज, की नवरदेवानं लाजावं!

"बायलॅटर लय वंगाळ," चंदर जमलेल्यांना सांगत होता. "माज्या मेव्हण्याच्या गावात एकाला झालता."

"मग?" मी घाबरून विचारलं.

"मग काय? पाणी पण मागितलं नाय!"

तेवढ्यात मामींनी मला मागच्या पडवीत बोलावलं. रात्रभर रडून त्यांचे डोळे सुजले होते.

"जावईबापू, माजं एकच मागणं हाय. यांचे डोळे मिटायच्या आत वाळूभावजी एकदा या ओटीवर आले पायजेत. दोगा भावांनी एका ताटात जेवलं पायजे. मंग देव काय करायचं ते करो."

वाळूकाका म्हणजे मामांचे धाकटे भाऊ. बांधावरच्या एका फणसापायी दोघांचं फाटलं होतं. मूळ काकांच्या हद्दीत, फांद्या मामांच्या! फणस कुणाचा यावर डोकी फुटायची वेळ आली, आणि काका रागारागानं मुरबाडकडे आपल्या सासुरवाडीला जाऊन राहिले. दहा वर्षं झाली, एकानं दुसऱ्याचं नाव घेतलेलं नाही. दोघांच्या मधे मामींचा जीव तेवढा कोंडून गेला होता. आता मामा असेच गेले, तर हे भांडण कधीच मिटणार नाही, ही एकच धास्ती त्यांनी घेतली होती.

"तुमीच फोन करा. तुमच्या शब्दाला वजन हाय."

मी फोन लावला. "काका, मी शेखर. मामांना बायलॅटरल झालाय."

पलीकडून फुटलेला आवाज आला. "माज्या दादाला? ... निगालो!"

आणि निघालेच! दुपारी जीप अंगणात शिरली, ती पुरती थांबायच्या आत काकांनी उडी मारली आणि खाटेवर मामांच्या गळ्यात पडून असा हंबरडा फोडला, की पारूच्या कोंबड्या कौलांवर चढल्या.

मामा हबकून गेले! दहा वर्षांनी भाऊ आला, तोही वाळलेला, दाढी वाढलेली, ढसाढसा रडणारा. त्यांनी मामींकडे बघितलं. मामी रडत होत्या. माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. मामांचा घास हातातच राहिला. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी काकांना पोटाशी धरलं.

"वाळ्या," मामा ओरडले. कमी ऐकणारी माणसं बोलतात ती गावभर ऐकू जातात. "त्यो फणस तुजा! मूळ तुजं, फांदी तुजी, गरे पण तुजे! मी सगळ्यांसमोर सांगतो!"

"नको रे दादा!" काकांनी मामांच्या पायावर डोकं ठेवलं. "तुजाच हाय त्यो! मी हक्क सोडला! काय करायचाय मला फणस?"

"तू घे!" "नाय, तूच घे!" दोघं हातवारे करत एकमेकांवर फणस ढकलत होते आणि अख्खं अंगण रडत होतं. चंदर नाक पुसत म्हणाला, "अशी मानसं परत नाय व्हायची." मग दोघं एका ताटात जेवायला बसले. काका मामांना घास भरवताहेत, मामा काकांच्या पुढ्यात कोंबडी सारताहेत आणि ओरडताहेत, "खा रे बाबा, तुला खावंसं वाटंल ते खा!" मामी दाराआडून बघत होत्या. इतकं दुःख आणि इतका आनंद एकाच चेहऱ्यावर मी कधी पाहिला नव्हता.

ठरल्या दिवशी शहापूरच्या दवाखान्यात जायचं होतं. जायचं काय, मला तर सगळं आटोपल्यासारखंच वाटत होतं. जीपमध्ये मामा, मामी, काका, अनिता, मी आणि आगंतुक चंदर. मामा काकांचा हात धरून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते.

डॉक्टरीणबाईंनी आमची वरात बघितली आणि विचारलं, "पेशंट कोण?" सगळ्यांनी मामांकडे बोट केलं आणि मामांनी काकांकडे! बाईंनी मामांना खुर्चीत बसवलं, गळ्याखाली ट्रे धरला, मोठ्या पिचकारीत कोमट पाणी भरलं आणि सोडली की कानात धार! ट्रेमध्ये बद्दकन एक काळा गोळा पडला. जुन्या चिंचेचा असतो ना, तसा.

"मेंदू!" काका किंचाळले. "दादाचा मेंदू भायेर आला!"

चंदर भिंतीला धरून खाली बसला. माझ्याही डोळ्यांपुढे अंधारी आली.

"काका, मेंदू नाही, मळ आहे! कानातला मळ!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या कानात धार सोडली. दुसरा गोळा! आणि मामा ताडकन उठून उभे राहिले.

"हळू बोल की वाळ्या! कवाचा बोंबलतोस?"

मामांना ऐकू येत होतं!

"इझायच्या आदी दिवा मोठा होतो!" काकांनी गळा काढला. "दादा चालला!"

"कोण चालला?" मामांनी विचारलं.

"तू!"

"मी कशाला जाऊ? जाणार तर तू हायेस ना?"

"मी? मला काय धाड भरलीय?"

"मंग येवढा रडत कशाला आलास? मला वाटलं, तुजं काय खरं नाय. म्हणून तं फणस दिला!"

डॉक्टरीणबाईंनी पिचकारी खाली ठेवली. "थांबा! इथं मरतंय कोण?"

मी पुढे झालो. विद्वान माणसानं अशा वेळी पुढे व्हावं लागतं. कार्ड त्यांच्यासमोर धरून हलक्या आवाजात म्हणालो, "मॅडम, मामांना... बायलॅटरल आहे ना?"

"बायलॅटरल म्हणजे दोन्ही बाजूंचा. इम्पॅक्टेड सेरुमेन म्हणजे घट्ट बसलेला मळ. तो आत्ता निघाला."

मी कार्डावरच्या पुढच्या शब्दावर बोट ठेवलं. "आणि प्रेसबायक्युसिस?"

"वयामुळे ऐकू कमी येतं. या वयात यायचंच."

"प्रेसबायोपिया?"

"चाळिशी हो, चाळिशी! जवळचं वाचायला चष्मा लागतो ती!"

"मग तो... आर्कस सेनिलिस?" ही माझी शेवटची आशा होती.

"बुबुळाभोवती पांढरी कड दिसते ना, ती. म्हातारपणी येते. त्यानं दिसायचं काही कमी होत नाही. तुमचे मामा म्हातारे झालेत, एवढंच या कार्डावर लिहिलंय!"

मामींनी दोन्ही हात जोडले आणि तिथंच फरशीवर बसून त्या रडायला लागल्या. या वेळचं रडणं वेगळं होतं. अनिता त्यांच्या गळ्यात पडली. काकांचा चेहरा उजळला.

"म्हंजे दादा जगणार?"

"ठणठणीत आहेत ते!"

काकांनी भावाला मिठी मारली. मामांनी काकांना मिठी मारली. दोघं थोडा वेळ तसेच राहिले. मग काकांची मिठी जराशी ढिली झाली.

"दादा... मंग फणस?"

"कंचा फणस?"

"तू दिलास त्यो! सगळ्या गावासमोर!"

"आन् तू सोडलास त्यो? हातवारे करून नको नको कोण म्हणत होता? चंदर, हाय का नाय?"

"दोगं पण म्हणले," चंदर भिंतीशी बसल्या बसल्या साक्ष द्यायला तयार!

"तू मरत होतास म्हणून मी म्हणलो!"

"आन् मी काय तू जगशील म्हणून दिला?"

"इथं फणस कुठून आला?" डॉक्टरीणबाई हताश होऊन विचारत होत्या. बाहेरचे पेशंट दारात जमले. अनिता दोघांना आवरायला धावली, तर मामींनी तिचा हात धरला.

"भांडू दे गो! धा वर्सांनी एकमेकांशी बोलतात तं खरे!"

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर हात आपटला. "पण आजोबा मरणार आहेत असं तुम्हाला सांगितलं कुणी?"

मीही मान डोलावली. मलाही तेच जाणून घ्यायचं होतं. कोण तो नतद्रष्ट? समोर तर येऊ दे!

मामी माझ्याकडे वळल्या. "ह्या जावईबापूंनी!"

"मी?" मी उडालोच. "मामी, मी शब्दानंही असं काही बोललो नाही!"

"मी पथ्य इचारलं, तं म्हणले, पथ्य काय नाय, खावंसं वाटंल ते खाऊ द्या. असं डॉक्टर कवा सांगतात, हे बारक्या पोराला पण ठाव असतं! वरतून म्हणले, चारच दिस!"

पायाखालची फरशी सरकली! म्हणजे डॉक्टरांचा फोनबिन काही नव्हताच. त्या दिवशी ओटीवर जी शांतता पसरली ती माझ्या विद्वत्तेमुळे नव्हती. जी बातमी ऐकून मी पायरीवर कोसळलो, ती मीच सांगितलेली होती! अनिता माझ्याकडे अशी बघत होती, की आता पथ्य मलाच पाळावं लागणार हे स्पष्ट दिसत होतं.

भांडण एकदम थांबलं. मामांनी काकांकडे बघितलं. काकांनी मामांकडे बघितलं.

"वाळ्या," मामा शांतपणे म्हणाले, "फणसाचं मागनं बगू."

"व्हय दादा," काकांनी बाह्या सारल्या. "आदी जावयाचं बगू."

दहा वर्षांनी दोन सख्खे भाऊ खांद्याला खांदा लावून, एकमनानं, एका दिशेनं चालताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. फार वेळ पाहायला मात्र थांबलो नाही!