पिवळं म्हणजे बरं, लाल म्हणजे पळा

"त्या बादलीत एक दिवस नेमकी कामाची वस्तू अडकणार आहे, सूनबाई. लिहून ठेव!" सासूबाई म्हणाल्या होत्या.

छोटीच्या आईने लिहून वगैरे काही ठेवलं नाही. तिने बादलीवर झाकण ठेवलं!

बादलीचं प्रकरण असं होतं. लॉकडाऊन लागल्यापासून बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू आधी गॅलरीतल्या निळ्या बादलीत जायची आणि तिथे चोवीस तास कैद भोगायची. झाकणावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर आत गेल्याची वेळ. दूध आणि भाजीला तेवढी अंघोळ घालून जामिनावर सोडलं जाई. बाकी कुणालाही माफी नाही! विजेचं बिल, छोटीची रंगपेटी, नवऱ्याचा दुरुस्त होऊन आलेला चष्मा, सगळ्यांनी शिक्षा पुरी भोगली होती. चष्मा आत होता त्या दिवशी नवऱ्याने ऑनलाइन मीटिंगमध्ये टक्कल पडलेल्या साहेबांना दोनदा 'मॅडम' म्हटलं होतं.

खरं सांगायचं तर छोटीच्या आईला लॉकडाऊनबद्दल नक्की काय वाटावं हेच कळत नव्हतं. भीती तर होतीच. छोटीला साधी शिंक आली तरी ती थर्मामीटर घेऊन धावायची. बातम्या लावल्या की वाटायचं, सगळं घर उशीखाली लपवून ठेवावं. पण कुणाला सांगू नका, मनाच्या एका कोपऱ्यात तिला जरा बरंही वाटत होतं! इतकी वर्षं सगळे तिला "तू जरा जास्तच करतेस" म्हणायचे. आता सगळं जगच जास्त करत होतं. वीस सेकंद हात धुवा, अंतर ठेवा, दाराच्या कड्या पुसा! हे सगळं ती कॉलेजात असल्यापासून करत आली होती. आयुष्यात पहिल्यांदा ती वर्गात पहिली आली होती.

त्यात तिला एक कामगिरीही मिळाली होती.

समोरच्या इमारतीत, बरोबर तिच्या गॅलरीसमोर, शिंपीकाका राहायचे. वय पंच्याहत्तर, कानाने मंद, घरात एकटे. सोबतीला एक पायमशीन. मशीन सुरू झालं की त्यांना फोनच काय, नगारा ऐकू आला नसता. त्यांची लेक दुसऱ्या शहरात. तिचा कधीचा हट्ट, "बाबा, तिथलं सगळं आवरा आणि माझ्याकडे या." काकांचा कधीचा नकार. लॉकडाऊन लागल्यावर बाप-लेकीत करार झाला. काका इथेच राहतील, पण एकदा जरी काही गडबड झाली, तर वाहतूक सुरू होताच मशीन विकायचं, घराला कुलूप घालायचं आणि मुकाट लेकीकडे जायचं. आणि गडबड झाली की नाही हे बघणार कोण? छोटीची आई!

तिने तिथल्या तिथे पद्धत बसवली. काकांनी रोज सकाळी आठच्या आत गॅलरीत कापड लावायचं. पिवळं म्हणजे बरं आहे. लाल म्हणजे मदत हवी. काकांकडे पांढऱ्या ठिपक्यांचा एक लांबलचक पिवळा पडदा होता, कुणीतरी शिवायला टाकून नेलाच नव्हता. तोच रोज फडकायचा.

"पोरी, माझं घर आता तुझ्या डोळ्यांवर आहे हं!" काका समोरून ओरडले होते.

"निश्चिंत राहा काका! मी डोळ्यांत तेल घालून बसलेय!"

आणि खरंच, चाळीस दिवस पडदा फडकला, चाळीस दिवस तिने वहीत बरोबरची खूण केली. एकही चूक नाही!

एक्केचाळिसाव्या दिवशी सकाळी साडेसातला ती दात घासत गॅलरीत आली आणि ब्रश तोंडातच राहिला.

समोर लाल!

"अरे ऊठ! काकांकडे लाल आहे!"

नवरा उठलेलाच होता. वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्म्युडा, अशा अवतारात तो आठच्या मीटिंगची तयारी करत होता. "वाऱ्याने झालं असेल काहीतरी."

"वाऱ्याने रंग बदलतो?"

"मग फोन लाव ना."

तिने सहा वेळा फोन लावला. काकांनी सहाही वेळा उचलला नाही. तिने गॅलरीतून "काकाऽऽ!" अशी हाक मारली. तिच्या हाकेने चार खिडक्या उघडल्या, काकांची सोडून. मग तिने वॉचमनला इंटरकॉम केला. "जरा वर जाऊन बघता का? आत जाऊ नका, नुसता कानोसा घ्या!"

पाच मिनिटांनी वॉचमनचा आवाज आला. "ताई, बेल वाजवली, दार उघडत नाहीत. पण आतून आवाज येतोय."

"कसला?"

"खटखटखटखट! एकसारखा. थंडी भरून दात वाजल्यासारखा."

छोटीच्या आईच्या तोंडचं पाणी पळालं. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाचे दात दाराबाहेर ऐकू येत असतील, तर ताप किती असेल! काकांना कवळी होती आणि सकाळी ती ग्लासात असायची, हे तिला तेव्हा सुचलं नाही.

तिने सोसायटीच्या ग्रुपवर फक्त तीन शब्द टाकले. 'शिंपीकाकांकडे लाल. मदत.'

मग ग्रुपने काम हातात घेतलं! पहिल्या मजल्यावरून विचारणा झाली, 'लाल म्हणजे पॉझिटिव्ह का?' चौथ्या मजल्याने शेवटचा 'का' वाचलाच नाही आणि लिहिलं, 'काका पॉझिटिव्ह आहेत, सर्वांनी खिडक्या लावा.' एका आजीबाईंनी हात जोडलेलं चित्र टाकलं. ते पाहून दुसऱ्या आजीबाईंनी फुलं टाकली. फुलं पाहून सेक्रेटरी 'आपल्या सर्वांचे लाडके' इथपर्यंत टाइप करून गेले! कुणीतरी अँब्युलन्स बोलावली. कुणी ते आजतागायत कळलेलं नाही, कारण नंतर सगळेच म्हणाले, "मी नाही बुवा."

छोटीच्या आईचा अंगठा आता एका नावावर येऊन थांबला होता. काकांची लेक. कळवावं तर काकांचं घर जातं. न कळवावं आणि खरंच काही झालं तर? तिने फोन लावला. एक रिंग वाजली. तिने घाबरून कापला.

झालं! चाळीस दिवसांत जिने कधी फोन केला नव्हता तिचा मिस्ड कॉल! उलट फोन तीन सेकंदांत आला.

"ताई, बाबांना काय झालं?"

"काही नाही! काहीच नाही! म्हणजे तसं काही नाही. नुसतं लाल लागलंय."

"लाल?" पलीकडे भांडं पडल्याचा आवाज झाला. "ताई, मी आता काही ऐकणार नाही. गाड्या सुरू झाल्या की पहिल्या गाडीने बाबा इकडे! तुम्ही फोन ठेवू नका!"

तेवढ्यात अँब्युलन्स आत शिरली. नखशिखान्त पांढऱ्या पोशाखातले दोन कर्मचारी उतरले आणि काकांच्या जिन्याकडे निघाले. ते दिसताच दोन्ही इमारतींतल्या सगळ्यांनी धडाधड मास्क चढवले आणि गॅलऱ्या गाठल्या. घाबरलेला माणूस घरात थांबतो असं म्हणतात, पण फुकटात बघायला मिळत असेल तर तो कठड्यालाच लटकतो.

दारावर इतक्या थापा पडल्या की अखेर काकांनी ते उघडलं. गळ्यात टेप, कॉलरला सुई, हातात गरम इस्त्री, आणि चेहरा घामाने निथळलेला, टोमॅटोसारखा लाल! कर्मचाऱ्याने तापमान मोजायची बंदूक त्यांच्या कपाळावर रोखली.

"एकशे एक! चला काका."

"कुठे? अजून बारा शिवायचे बाकी आहेत!"

"बडबडतायत. तापात होतं असं," दुसरा कर्मचारी समजुतीने म्हणाला आणि त्याने इस्त्रीचं बटण बंद केलं.

काकांना दोन्ही बाजूंनी धरून खाली आणलं गेलं. छोटीची आई कठड्याला घट्ट धरून उभी होती. कानाला लावलेल्या फोनमधून लेकीचं रडणं ऐकू येत होतं आणि समोरून काकांचं घर पायऱ्या उतरत होतं.

"सूनबाई," मागून सासूबाईंचा शांत आवाज आला. त्या चहाचा कप घेऊन कधीच्या येऊन बसल्या होत्या. "सगळे असे पिवळे कसे गं दिसतायत?"

"आई, आत्ता काय पण!"

"अगं, बघ तरी."

तिने बघितलं. वॉचमनच्या तोंडावर पिवळा मास्क. सेक्रेटरींच्या तोंडावर पिवळा मास्क. पहिला मजला पिवळा, चौथा मजला पिवळा, फुलं टाकणाऱ्या आजीबाई पिवळ्या! आणि प्रत्येक पिवळ्यावर पांढरे ठिपके. चाळीस दिवस ज्या पडद्याकडे ती डोळे ताणून बघत होती, तो पडदा आता दोन इमारतींच्या तोंडावर बांधलेला होता! काकांची खुशाली तीस नाकांवर बसून काकांनाच न्यायला आली होती!

त्याच वेळी काकांनी खालून वर पाहिलं. "काय गं पोरी! चिठ्ठी वाचली नाहीस का? काल संध्याकाळी सगळ्यांबरोबर तुझ्याही दाराशी पुडकं ठेवलं होतं!"

पुडकं. काल संध्याकाळ.

छोटीच्या आईने हळूच मान वळवली. निळी बादली. चिकटपट्टीवर तिच्याच सुबक अक्षरात, 'आत : काल संध्याकाळी सहा.' सुटकेला अजून नऊ तास होते!

सासूबाईंनी फक्त चहाचा एक लांब घोट घेतला. हजार शब्द परवडले असते!

छोटीच्या आईने हातमोजे न घालता चिकटपट्टी ओरबाडली. नवरा मीटिंग सोडून धावत आला, बर्म्युडासकट कॅमेऱ्यासमोरून! पुडक्यात चार पिवळे मास्क होते, त्यांतला एक बाहुलीला होईल एवढा, आणि एक चिठ्ठी. तिने कठड्यावर वाकून ती मोठ्याने वाचली.

"'पोरी, पिवळ्याचे सगळ्यांना मास्क केले. आता घरात लालच उरलं आहे. उद्यापासून लाल म्हणजे बरं. मदत लागली तर पांढरं लावीन. घाबरू नकोस, तू फार घाबरतेस.'"

दोन्ही इमारतींतले हात आपापल्या पिवळ्या नाकाकडे गेले.

"ते सगळं ठीक आहे, ताई," कर्मचारी खालून म्हणाला. "पण ताप आहे त्याचं काय? आम्हाला न्यावंच लागेल."

"ताप नाही तो!" चाळीस दिवसांची घाबरट बाई एकदम गरजली. "इस्त्रीची वाफ आहे! मास्कच्या या कडक घड्या बघा! सकाळपासून गरम इस्त्रीवर वाकलेत ते! दहा मिनिटं सावलीत बसवा आणि मग मोजा! नुसता एक आकडा बघून कुणी माणूस उचलून नेतं का? जरा शहानिशा करा आधी!"

हे वाक्य तिच्याच तोंडून निघालं म्हणून नवऱ्याने तिच्याकडे चमकून पाहिलं. पण तो शहाणा होता, बर्म्युडा सावरत मुकाट मीटिंगकडे परतला.

काकांना वॉचमनच्या खुर्चीत बसवलं. दहा मिनिटं सगळ्यांचे डोळे एका कपाळावर. चेहऱ्याचा टोमॅटो हळूहळू उतरला. बंदूक पुन्हा रोखली गेली.

"अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन!"

असा टाळ्यांचा कडकडाट झाला की अँब्युलन्सचा ड्रायव्हर उगाचच खाली उतरून सगळ्यांना नमस्कार करू लागला. जाताना दोघांनी काकांकडून मापाचे मास्कही मागून घेतले.

पण छोटीच्या आईचा जीव अजून भांड्यात पडला नव्हता. फोनवर लेक होतीच. तिने स्पीकर लावला आणि फोन कठड्याबाहेर धरला. लेकीचा आवाज बापाच्या मंद कानांच्या मापानेच घडलेला होता.

"बाबा!" लेक रडत रडत रागावली. "काय ठरलं होतं आपलं? गडबड झाली तर?"

काका खुर्चीतून उठले. गळ्यातली टेप त्यांनी नीट केली.

"गडबड झाली ना! पण माझी कुठे झाली? समोरच्यांची झाली! मी धडधाकट, माझं मशीन धडधाकट. आजारी पडले ते यांचे डोळे! आता सांग, घर कुणी सोडायचं?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग, चाळीस दिवसांत पहिल्यांदा, लेकीचं हसू.

"बरं, राहा तिथेच. पण बाबा, त्या ताईंकडे कोण बघतं हो?"

काकांनी वर मान करून छोटीच्या आईकडे पाहिलं. ओठांवर अजून टूथपेस्ट, केस पिंजारलेले, एका हातात चिठ्ठी, डोळ्यांतून पाणी.

"मी बघतो," काका म्हणाले.

तेव्हापासून पद्धत दुहेरी झाली. रोज आठच्या आत तिनेही कापड लावायचं. काकांनी त्यासाठी हिरवा रुमाल शिवून पाठवला. तो तिने सवयीने बादलीत टाकला, सासूबाई खाकरल्या, तिने बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी चाळीस दिवसांची झोप एकदम अंगावर आली आणि ती गाढ झोपून राहिली. आठ वाजून एक मिनिटाने दारावर थापा. वॉचमन!

"ताई, बऱ्या आहात ना? समोरून काका विचारतायत. अँब्युलन्स बोलावू का म्हणतायत."

ही छोटीची आई कोण, ते कृपा करून विचारू नका. निळी बादली अजून माझ्याच गॅलरीत आहे, एवढं सांगते. आता तिच्यात मनीप्लांट लावलाय.

पण तुमच्याही समोर एखादी गॅलरी असेलच. तिथे कुणीतरी एकटं असेल, आणि तुम्ही लांबूनच कापडाचा रंग बघून समाधान मानत असाल. फोन उचलला नाही म्हणून थांबू नका, ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. हे वाचायचं बाजूला ठेवा, मास्क लावा आणि जाऊन त्यांचं दार वाजवा बघू. जरा जोरात वाजवा हं, मशीन चालू असेल.