टेंबेकाकांचे मणी

बिट्टन मार्केटच्या भाजीबाजारात खिशातून व्हर्नियर कॅलिपर काढून लिंबं मोजणारा माणूस दिसला, तर ते आमचे शेजारी टेंबेकाका समजा. "दादा, नींबू लेना है या ब्याहना है?" असं भाजीवाल्याने विचारलं, की काका शांतपणे म्हणतात, "माल एकसारखा चाहिए."

काका भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात जन्मभर माल तपासत होते. निवृत्त झाले ते फक्त पगारापुरते. आमच्याकडचा चहा, जिन्याच्या पायऱ्या, गणपतीचे मोदक, सगळं त्यांच्या नजरेखालून जातं. कुणी "चालेल हो काका" म्हटलं, की उत्तर ठरलेलं: "'चालेल' म्हणणाऱ्यांनीच देश थांबवलाय!"

मी साकेत नगरजवळच्या शाळेत इतिहास शिकवते. यंदा सहावीकडून हडप्पा काळासारखे मातीचे दागिने करून घ्यायचे होते. मदतीला कुणीतरी हवंय, असं मी जिन्यात सहज बोलून गेले आणि दुसऱ्या दिवशी काका वर्गात हजर!

मुलांनी मणी वळले. काकांनी एकेक मणी कॅलिपरमध्ये धरला आणि दोन डबे मांडले, 'पास' आणि 'परत'. तासाभराने 'पास'मध्ये तीन मणी होते. त्यातले दोन काकांनी स्वतः केलेले.

"अंकल, हड़प्पा में स्केल थी क्या?" एकाने वैतागून विचारलं.

"थी! और तुम्हारी जैसी टूटी हुई नहीं थी!"

नफीसा नावाच्या मुलीचे मणी सगळ्यांत वेडेवाकडे. तिचा हार तीनदा परत आला. शेवटी मीच मध्ये पडले. "काका, चालेल हो." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आता मलाच 'परत'च्या डब्यात टाकतात!

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी प्राचार्य मॅडम सोनेरी स्प्रे घेऊन आल्या. "फोटो में हड़प्पा थोड़ा शाइन करना चाहिए." पास काय, परत काय, सगळे मणी दहा मिनिटांत सारखेच सोनेरी झाले. "मग मोजलं कशाला एवढं?" काका पुटपुटले आणि घरी निघून गेले.

तरी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून आलेच.

सभागृहात पालकांची झुंबड होती. जो तो आपल्याच पोराच्या हाराचा फोटो काढत होता. नफीसाच्या टेबलाशी कुणीच नव्हतं. तिची आई जवळच्या इस्पितळात नर्स, तिला रजा मिळाली नव्हती. पोर हार सारखा करत दाराकडे बघत होती.

काका तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. "नमस्ते. ये हार किस ज़माने का है?"

तिने घडाघडा सांगितलं. काका मान डोलवत बाहेर गेले आणि दुसऱ्या दाराने पुन्हा आत आले. "नमस्ते. ये क्या चीज़ है?"

तिसऱ्यांदा ते चष्मा काढून आले. नफीसा खुदकन हसली. "अंकल, आप अभी तो आए थे!"

"वो कोई और रहे होंगे."

हसता हसता तिने विचारलं, "और आपके घर से कौन आया है?"

काकू जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी कॅनडात. काका हातातला चष्मा पुसत राहिले.

"अपने घर से मैं ही आया हूँ, बेटा."

नफीसाने टेबलाखालचं स्टूल बाहेर ओढलं. "तो इधर बैठिए ना."

काका बसले. मग प्रदर्शन संपेपर्यंत, येईल त्या पालकाला दोघं मिळून हडप्पा समजावून सांगत होते.