सव्वादोन फूट भिंत

गवंडी सेथ पुढच्या आठवड्यात येणार होता. तेवढं थांबायचं नाही, असं विल्फ्रेड ऑल्डरसनने बुधवारी सकाळी चहा पिता पिता ठरवलं, आणि तिथेच सगळं बिनसलं.

थांबायला वेळही नव्हता म्हणा. सहा आठवड्यांपूर्वी बायकोचं, नोराचं, खुब्याचं हाड मोडलं. दगडी जिना चढणं बंद झालं, म्हणून तिचा पलंग खालच्या दूधघरात आला. जुन्या माणसांनी ही खोली लोणी वितळू नये म्हणून बांधलेली. तिथे ऊन यायचं काही कारणच नव्हतं. उत्तरेला हातभर झरोका, बाकी सगळीकडे भिंत.

"या भिंतीचे पोपडे मोजून झाले माझे," नोरा म्हणाली होती. "तिच्याकडे सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. शनिवारी मुलगी गाडी घेऊन येतेय. मी तिच्याकडे डार्लिंग्टनला जाते."

"किती दिवस?"

"बघू."

हे 'बघू' विल्फ्रेडला झेपलं नाही. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात तो तिला कधी 'जाऊ नकोस' असं म्हणाला नव्हता. ती कधी गेलीच नव्हती, त्यामुळे सराव नव्हता. पण पूर्वेच्या भिंतीत बाहेरून एक बुजवलेली खिडकी दिसायची. खिडक्यांवर कर होता त्या काळात कुणा कंजूष ऑल्डरसनने ती दगडांनी बंद केली होती आणि आतून वर चुना फासला होता. ती उघडली की समोर थेट डोंगर. घर जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीतलं, म्हणून परवानगी मागितली होती. तीही आली होती, 'खिडकीखेरीज एकही दगड हलवू नये' या अटीवर.

विल्फ्रेडने बाहेरच्या कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत मोजलं. आठ फूट. आत येऊन आतल्या कोपऱ्यापासून आठ फूट मोजले, खडूने चौकट आखली आणि पलंग पलीकडच्या भिंतीला ओढला.

"तू बाहेर बसतेस का थोडा वेळ?"

"छे. सहा आठवड्यांत पहिल्यांदा काहीतरी घडतंय," नोरा म्हणाली.

दुपारपर्यंत चुना निघाला, दगड निघाले, मधली भर निघाली. शेवटचा दगड त्याने पहारीने मोठ्या मायेने ढकलला. उजेड काही आला नाही. आधी एक काटकी आली. मग दुसरी. मग भिंतीच्या आतून वर गेलेल्या जुन्या धुराड्यात चाळीस वर्षं घरटी करणाऱ्या कावळ्यांनी साठवलेल्या सगळ्या काटक्या, आणि त्यांच्यामागून आजोबांच्या काळापासूनची काजळी, असं सगळं खोलीत उतरलं. पांढरी गोधडी काळी झाली. नोराही झाली.

विल्फ्रेडने पहार खाली ठेवली.

"विल्फ," काळोखातून आवाज आला, "बाहेर रात्र आहे वाटतं."

सेथला फोन करावा लागला. तो आला, भोकात डोकावला, आणि दाराच्या चौकटीत टेप धरून भिंतीची जाडी मोजली.

"सव्वादोन फूट. ही हिशेबात धरली होतीस?"

विल्फ्रेडने खडू खिशात टाकला.

"बाहेरचा कोपरा आणि आतला कोपरा यांच्यामध्ये भिंत असते, विल्फ. तुझा जन्म याच घरातला ना?"

"वरच्या खोलीतला."

"तरीच."

त्या संध्याकाळी विल्फ्रेडने नोराचं तोंड साबणाच्या कोमट पाण्याने पुसलं. कानामागची काजळी काढता काढता तो भिंतीकडे बघत म्हणाला, "जाऊ नकोस." नोराने डोळे मिटून घेतले, ते साबणामुळे की कशामुळे, हे त्याला विचारवलं नाही.

गुरुवारी सेथने धुराडं चुन्यात नीट बंद केलं. शुक्रवारी दोघांनी मिळून खरी खिडकी उघडली, काच बसवली. शनिवारी ऊन थेट पलंगावर आलं. उशांना टेकून नोरा कितीतरी वेळ बघत राहिली: डोंगर, मेंढ्या, वरचा गोठा. दारात मुलगी बॅग घेऊन उभी होती.

"निघायचं ना आई?"

"मी नाही येत."

विल्फ्रेडला भरून आलं. त्याने पाठ फिरवून नाक शिंकरलं.

"हा डोंगर बघून ना?" मुलीने विचारलं.

"डोंगर कुठला. हा तुझा बाप रोज नवाला मेंढ्या बघायला जातो तो जेवायच्या वेळेला येतो. मला वाटायचं, बिचारा किती राबतो. इथून बघते तर त्या गोठ्याच्या आडोशाला माझ्या आईची आरामखुर्ची आहे, किडली म्हणून जाळली असं याने मला सांगितलं होतं ती. शेजारी किटली आहे. पाय ठेवायला स्टूलसुद्धा आहे." नोराने काठी जवळ ओढली आणि काचेवर हलकेच टकटक करून पाहिली. आवाज चांगला लांब जात होता. "असल्या माणसाला एकटं टाकून कशी येऊ?"

सोमवारपासून विल्फ्रेड नवाला मेंढ्या बघायला जातो, आणि मेंढ्याच बघतो.