शिर्केकाकांचा खरारा

शिर्केकाकांचं केस कापायचं मशीन मी खराब केलं आणि वर त्यांच्याशी खोटं बोललो. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे त्यांच्या गमती सांगताना माझीच मला लाज वाटेल.

काका रावपुऱ्यात आमच्या शेजारी राहतात. आजोबा संस्थानच्या पागेत होते, काका कचेरीत कारकून. वाट्याला घोडा आला नाही, म्हणून घराण्याची सगळी निष्ठा त्या विजेच्या मशीनवर. दर महिन्याला ओट्यावर वर्तमानपत्र पसरून ते पात्याचे स्क्रू काढत आणि दातांतले केस ब्रशने झाडत. याला म्हणायचं, घोड्याचं अंग घासतात तसा, ‘खरारा’. मग पातं बसवून, मशीन सुरू करून शिलाई मशीनच्या तेलाचे तीन थेंब. दोन नाहीत, चार नाहीत. शेवटी डोळे मिटून मशीन कानाशी धरत. तेवढ्यात रस्त्यावरून कुणी ‘केम छो, काका?’ म्हटलं, की ओरडत, “ऊभा रहो, भाई! जनावर काय म्हणतंय ते ऐकू दे!”

एकदा मानेवरचे केस काढायला मी ते मागितलं.

“ने. पण अवि, पाणी दाखवायचं नाही. घोडा पाणी पितो, हे तेल पितं.”

मला सावली गावी लग्नाला जायची घाई होती. काम झाल्यावर मी पातं सरळ नळाखाली धरलं, ओलंच डब्यात टाकलं आणि आठवड्याने परत केलं.

“खरारा केलास?”

“केला.”

“तेल?”

“तीन थेंब.”

काकांनी माझी पाठ थोपटली. “बराबर! आता तू पागेतला.” डबा उघडूनसुद्धा पाहिला नाही.

पुढच्याच रविवारी त्यांच्या घरातून किंकाळी आली. मी धावलो. गळ्याभोवती टॉवेल गुंडाळलेल्या काकू स्टुलावर डोकं धरून रडत होत्या. गेली दोन वर्षं काकू माणसं विसरत चालल्या आहेत. काकांनाच विचारतात, “आपण कुणाकडचे?” अंगाला हात लावू देत नाहीत. फक्त महिन्यातून एकदा, मशीनची गुणगुण सुरू झाली, की डोळे मिटून काकांच्या पोटाला डोकं टेकतात. त्या दिवशी पात्याने केस ओढले होते.

“या माणसाला बाहेर काढा,” त्या काकांकडे बोट दाखवून मला सांगत होत्या.

काकांनी पातं उघडलं. आत गंज.

“अवि, तू तर खरारा केला होतास, म्हणजे गेल्या खेपेला माझाच राहिला बहुतेक. केल्याचं आठवतंय, पण हे बघ. माझंही डोकं असंच जायला लागलं, तर हिचं कोण करणार रे?”

“होतं असं, काका,” मी म्हणालो आणि घरी आलो. पहिलं खोटं घाईतलं होतं. हे मात्र पूर्ण शुद्धीतलं.

तिसऱ्या दिवशी दूध द्यायला गेलो, तर त्यांच्या भिंतीवर चिठ्ठ्या. ‘गॅस बंद केला.’ ‘हिची गोळी दिली.’ ‘दार लावलं.’ प्रत्येकीखाली काकांची सही. काका चौथी लिहीत होते.

मी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं.

“काका, तुम्ही काहीही विसरलेला नाहीत. पातं मी नळाखाली धरलं होतं. तेल घातलंच नाही. तुमच्याशी खोटं बोललो आणि त्या दिवशी तुम्ही घाबरलात, तेव्हाही गप्प बसलो. मला माफ करा.”