टर्कीला टोचणारे हात

"यंदाची टर्की ओव्हीड करेल," असं झुल्माआजींनी जाहीर केलं, तेव्हा ओव्हीड रोबिशोला आधी आनंद झाला आणि पाठोपाठ घाम फुटला. कारण आजींचं बोलणं तिथे संपलं नव्हतं.

"जमली, तर माझं काळं भांडं त्याचं. बिघडवली, तर लर्लिनचं."

ते भांडं बिडाचं होतं आणि आजींच्या सासूच्याही सासूपासून चालत आलेलं होतं. आमच्या बायूकाठी, म्हणजे दलदलीतल्या संथ ओढ्याकाठी, जमिनीच्या भांडणात माणसं निदान बोलतात तरी. बिडाच्या भांड्यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या पोरांच्या लग्नाला जात नाहीत. ओव्हीड साठीला आला, पण आईच्या, म्हणजे आजींच्या, स्वयंपाकघरात शिरला की पहिली नजर भांड्याकडे आणि दुसरी आईकडे. धाकटा भाऊ लर्लिनही तसलाच, फक्त तो आईकडे बघायचाच नाही.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दुपारी ओव्हीडने टर्की ओट्यावर बसवली आणि बाजूला मोठी बरणी ठेवली. बरणीत वितळलेलं लोणी, लसणाचा रस, कांद्याचा रस आणि लाल तिखट. हे सगळं जाड सुईच्या पिचकारीने पक्ष्याच्या मांसात टोचायचं, म्हणजे मसाला हाडापर्यंत पोचतो. वरवर मसाला चोळून मोकळे होणारे लोक आमच्याकडे पाहुणे म्हणून येतात आणि आम्ही त्यांना काही बोलत नाही.

असाच एक पाहुणा त्या वेळी कोपऱ्यात बसून पिकानचे, म्हणजे अक्रोडासारखे, दाणे सोलत होता. त्याचं नाव अँडर्स. ओव्हीडच्या लेकीचा, कोलेटचा, होणारा नवरा. थेट उत्तरेतल्या, अळणी खाणाऱ्या मिनेसोटाचा. पोरगा गोरापान, सहा फुटी आणि इतका सभ्य की दाराला धडकला तरी दाराची माफी मागायचा.

"हे काय करताय, मिस्टर ओव्हीड?"

"टोचतोय. बघून ठेव, पुढे-मागे उपयोगी पडेल," ओव्हीड म्हणाला. छाती, मांड्या, पंखांच्या बगला, कुठे म्हणून त्याने जागा सोडली नाही. मग हात धुतले आणि तो अंगणात चुलाणं बघायला गेला.

तो गेल्याबरोबर त्याची बायको व्हर्ना आत आली. जन्मभर तिने शाळेत नर्सची नोकरी केलेली. तिने बरणीत बोट बुडवून चाखलं आणि कपाळाला हात लावला.

"मला ठाऊकच होतं! या माणसाचा हात तिखटाला कायम आखडता. उद्या सासूबाई नाक मुरडणार आणि ते भांडं जाणार लर्लिनच्या घरी." तिने बरणीत मूठभर तिखट टाकलं, पिचकारी भरली आणि शाळेतली अख्खी रांग उरकल्यासारखी सपासप टोचली. मग बरणी कमी दिसू नये म्हणून लोणी आणि आणखी तिखट घालून पुन्हा भरून ठेवली. जाता जाता अँडर्सला म्हणाली, "बाळा, तू काही पाहिलं नाहीस. काय?"

"नाही, मिस व्हर्ना," अँडर्स म्हणाला. आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानाने 'मिस' म्हणतात, हे त्याने शिकून ठेवलं होतं.

थोड्या वेळाने मागच्या दाराने लर्लिन आला. त्याचा हेतू वाईट होता, हे सांगून टाकलेलं बरं. खिशात त्याच्या स्वतःच्या शेतातल्या मिरच्यांचा मुरवलेला रस होता, ज्याच्या वासाने डास पळतात अशी त्याची ख्याती. "दादाची टर्की एवढी जहाल करतो की आई ताट सरकवेल," असं पुटपुटत त्याने बाटली पिचकारीत रिकामी केली आणि पक्ष्याच्या दोन्ही मांड्यांत सोडली. मग तोही बोटं ओठांवर ठेवून अँडर्सकडे बघून हसला आणि निघून गेला.

त्याच्या मागोमाग आल्या खुद्द झुल्माआजी. वय चौऱ्याऐंशी, पण चालीत घाई. "पोराच्या हाती द्यायचं म्हटलं म्हणून काय डोळे मिटून द्यायचं?" असं टर्कीलाच विचारत त्यांनी पदराआडून, म्हणजे एप्रनच्या खिशातून, आपली खास पुरचुंडी काढली, बरणीत उपडी केली आणि कापऱ्या हाताने छातीत चांगलं खोलवर टोचलं. "नावाला एवढंसंच," त्या अँडर्सला म्हणाल्या आणि पिचकारी तीनदा भरली. मग लोणी ओतून बरणी होती तशी काठापर्यंत भरून ठेवली.

आता गंमत अशी की संध्याकाळी ओव्हीड आत आला, तर बरणी काठोकाठ. तो थबकला. "कोलेट! अगं, मी टर्की टोचली का गं?"

"मला काय माहीत, बाबा? मी आत्ता तर आले."

"बरणी तर भरलेली आहे. म्हणजे टोचायची राहिलीच की! म्हातारपण आलं रे बाबा," असं म्हणत त्याने सगळी बरणी पुन्हा एकदा टर्कीत रिचवली. टर्की टम्म फुगली. अँडर्सला काही तरी विचारावंसं वाटत होतं, पण त्याच्या गावी दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टीत तोंड घालत नाहीत.

सकाळी ओव्हीडने सारण भरलं. भात, चिरलेली काळजं, कांद्याची पात, ढोबळी मिरची. आईच्या पद्धतीप्रमाणे भाताची कणी ठेवलेली, कारण पुढचा रस तो टर्कीतूनच शोषतो. पोट शिवलं, आजींच्या काळ्या भांड्यात टर्की बसवली, झाकण ठेवलं आणि चुलाण्यावर चढवलं.

आणि भाताने शोषायला सुरुवात केली. आजींच्या हिशेबात एका माणसाने एकदा टोचलेल्या टर्कीचा रस होता. इथे तर पाझर फुटला होता. तासाभरात झाकण हळूच वर आलं. ओव्हीडने ते दाबून खाली बसवलं. ते पुन्हा वर आलं.

"दादा, तुझी टर्की उठून बसतेय की काय?" लर्लिनने विचारलं.

"वाफ आहे वाफ. तू आपलं काम बघ!"

ओव्हीडने झाकणावर वीट ठेवली. विटेसकट झाकण वर आलं. मग फट्कन आवाज झाला, शिवण उसवली आणि झाकणाखालून लालभडक भात चहूकडून बाहेर पडू लागला. तो चुलाण्यावर पडून जळला आणि असा खकाणा उठला की अंगणातली सगळी माणसं खोकत पळाली. पलीकडच्या घरातला कुत्रा शिंकत शिंकत बायूत उतरला.

"जमली का रे?" घरातून आजींनी विचारलं.

"जमतेय, आई!" ओव्हीड डोळे पुसत ओरडला. लर्लिन भांड्याला प्रदक्षिणा घालत, ते आपल्या ओसरीत कुठे शोभेल याचा विचार करत होता.

पण टर्की बाहेर काढली, तर दिसायला अशी देखणी, तांबूस आणि तकतकीत, की ओव्हीडच्या जिवात जीव आला. टेबलावर सगळे बसले. प्रार्थना झाली. पहिले घास एकदमच तोंडात गेले.

सगळ्यांचे जबडे जागच्या जागी थांबले.

आता आमच्याकडे तिखट लागलं म्हणून पाण्याच्या पेल्याला हात लावणं म्हणजे आपण रोबिशो नाही, असं चारचौघांत कबूल करणं. ओव्हीडचे कान लाल झाले. लर्लिनच्या कपाळावरून घाम ओघळून ताटात पडला. व्हर्नाचं नाक गळू लागलं आणि तिचे डोळे घळाघळा वाहायला लागले.

"काय झालं गं, व्हर्ना?" आजींनी विचारलं. त्यांचा स्वतःचा आवाजही घोगरा झाला होता.

"मामंजींची... आठवण आली," व्हर्ना कशीबशी म्हणाली.

ही पळवाट सगळ्यांनाच आवडली. "मला पण!" लर्लिन हुंदका देत म्हणाला. "बाबा असते तर..." ओव्हीडने रुमालात तोंड खुपसलं आणि आतल्या आत जीभ पुसून घेतली. "आजोबा!" कोलेटने टाहो फोडला. अख्खं टेबल ढसाढसा रडू लागलं.

आजींच्या गालांवरूनही धार लागली होती. "बिचारा माझा नवरा, अडोनिस," त्या म्हणाल्या, "पुरला त्या दिवशीसुद्धा तुम्ही मेल्यांनो एवढे रडला नव्हतात."

तेवढ्यात अँडर्सने काटा खाली ठेवला. तो बीटासारखा लाल झाला होता. "माफ करा, आजी. फार तिखट आहे. मला थोडं पाणी मिळेल का?"

"पाणी!" सगळे एकदम किंचाळले. "पोराला पाणी द्या! बिचाऱ्याला सवय नाही! अख्खा जग आणा! दूध पण आणा!" पाच जण उठले, पाच जग आले आणि पाहुण्याला एकटं वाटू नये म्हणून प्रत्येकाने दोन-दोन पेले रिचवले.

पाणी पिऊन अँडर्स जरा माणसांत आला. "खरं तर मला वाईट वाटतंय," तो म्हणाला. "तुमच्याकडची रीत मला पाळता आली नाही."

"कसली रीत?" ओव्हीडने विचारलं.

"घरातल्या प्रत्येकाने कोणालाही न सांगता टर्कीला टोचायची. मिस्टर ओव्हीडनी टोचली, मग मिस व्हर्नांनी, मग लर्लिनकाकांनी बाटली आणून, मग तुम्ही आजी, आणि शेवटी पुन्हा मिस्टर ओव्हीडनी. माझी पाळी कधी येते म्हणून मी बसलो होतो, पण कोणी बोलावलंच नाही."

टेबलावर एकच गलका झाला.

"तू माझ्या टर्कीला हात लावलास?" ओव्हीड बायकोवर कडाडला.

"तुझ्यासाठीच लावला! आणि भाऊजी, तुम्ही बाटली घेऊन कशाला आलात?"

"वहिनी, मी आपलं प्रेमाने—"

"प्रेमाने? लर्लिन, मांडीपाशी माझ्या जिभेची सालं निघाली!" ओव्हीड ओरडला आणि आईकडे वळला. "आई, निदान तू तरी? जन्मात एकदा माझ्यावर टर्की सोपवलीस आणि तूच टोचलीस?"

आजींनी टेबलावर चमचा आपटला.

"भांडं ओव्हीडचं नाही," त्या म्हणाल्या. लर्लिन खुलला. "आणि लर्लिनचं तर मुळीच नाही. या घरात दुसऱ्याच्या टर्कीला हात न लावणारा आणि तिखट लागलं तर तिखट म्हणणारा एकच माणूस निघाला. भांडं अँडर्सचं."

दोघा भावांच्या तोंडचं पाणी पळालं. कोलेटने आनंदाने अँडर्सचा हात दाबला. अँडर्स उभाच राहिला. "आजी, मी काय बोलू? आमच्याकडे नूडल्स, मशरूमचं डबाबंद सूप आणि वर बटाट्याचे तुकडे घालून एक फार छान पदार्थ करतात. या भांड्यात तो अगदी..."

व्हर्नाने छातीवर क्रूस काढला. ओव्हीडने टेबल धरलं.

आजी मात्र शांत होत्या. "कर की बाळा, जरूर कर. पण आधी या भांड्यात नीट शिजवायला शिकायला हवं. ते तुला मी शिकवीन. तोवर भांडं आहे तिथेच, माझ्या चुलीवर राहील."

"शिकायला किती दिवस लागतील, आजी?"

आजींनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि टर्कीचा आणखी एक तुकडा ताटात वाढून घेतला.

"तुला?" त्या म्हणाल्या. "वीसेक वर्षं तरी धर."