पट एक, हजर एक

आमच्याकडे सत्यनारायणाला आलेल्या अहिरराव मॅडमनी प्रसाद डोळे मिटून चाखला, पर्समधून एक लांबट वही काढली आणि विचारलं, "शेरा लिहू का?"

माझ्या बायकोला वाटलं, हे पूजेतलंच काहीतरी असावं. ती म्हणाली, "लिहा की." मॅडमनी उभ्याउभ्याच लिहिलं: "प्रसादाची चव समाधानकारक. तूप मुबलक. केळ्याचे वितरण असमान. सुधारणेस वाव आहे." खाली सही, तारीख. मग वही आमच्यापुढे धरली. "शेरा पाहिला म्हणून सही करा."

केली. करावी लागते.

मॅडम आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. त्या शिक्षण विस्तार अधिकारी होत्या, म्हणजे शाळा तपासणं हेच त्यांचं काम. सुरगाण्याच्या डोंगरातल्या एकशिक्षकी शाळांपासून नांदगावच्या बाजारातल्या शाळांपर्यंत त्यांनी जिल्हा तपासून काढला, आणि निवृत्तीनंतर जिल्हा उरला नाही म्हणून सोसायटी घेतली. लिफ्टला "वक्तशीरपणाचा अभाव", गणपतीच्या आरतीला "उपस्थिती चांगली, सूर वैयक्तिक", आणि मी हौसेने खाऊ घातलेल्या मिसळीला "तिखटपणा अपेक्षित पातळीच्या वर" असे शेरे मी स्वतः पाहिलेत. फक्त "उत्तम" हा शब्द त्या वहीत आजवर कुणाला सापडलेला नाही.

मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "पाठक, उत्तम लिहिलं की माणूस खाली बसतो. मला त्याला उभा ठेवायचा असतो."

पदाचा रुबाब निवृत्तीनंतरही इस्त्री करून वापरणारी माणसं मला फारशी आवडत नाहीत. पण मॅडमची एक गोष्ट मी मानायचो. तपासणीच्या दिवशी प्रत्येक शाळेत एक धडा तयार ठेवलेला असे. साहेब आले की चुणचुणीत पोर उभं राहायचं आणि तो धडा धडाधडा वाचायचं. मॅडम शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या आणि मग हळूच म्हणायच्या, "छान. आता दोन पानं पुढे उलट." तिथे पोर गप्प व्हायचं, कारण धडा वाचलेला नसायचा, पाठ केलेला असायचा. "शाळा दोन पानं पुढे कळते," असं त्या मला जिन्यात चारदा तरी म्हणाल्या असतील.

अशा बाईंच्या घरात नऊ वर्षांची नात शाळा सोडून बसली.

जुई हुशार आहे. गोष्टी रचते, चित्रं काढते, हिशेब तोंडी करते. पण वाचताना अक्षरं तिच्यापुढे जागा बदलतात. शाळेत उभं करून वाचायला लावलं, वर्ग हसला, दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं केलं. तिसऱ्या दिवसापासून तिने तोंडच उघडलं नाही. तपासणाऱ्या तज्ज्ञ बाईंनी सांगितलं, की बुद्धी चांगली आहे, वाचायला वेगळ्या रीतीने शिकवावं लागेल, वेळ लागेल. मॅडम शाळेत गेल्या, मुख्याध्यापकांच्या टेबलावर दीड पानी शेरा ठेवला आणि दाखला घेऊन आल्या.

"वीटभट्ट्यांवर फिरून शाळाबाह्य मुलं शोधली मी," त्या मला म्हणाल्या. "आता एक घरात आहे. नोंद कुठे करू, पाठक?"

त्यांच्या मुलाचं, निलेशचं, मत वेगळं होतं. पुण्यात अशा मुलांसाठी खास शाळा आहे, जुईची मावशीही तिथेच राहते. शेवटी आई आणि मुलगा यांच्यात तह झाला: एप्रिलअखेरपर्यंत घरी शिकवायचं. मग त्याच तज्ज्ञ बाई येऊन न वाचलेलं एक पान जुईकडून वाचून घेतील. जमलं तर ठीक, नाही तर जूनमध्ये जुई पुण्याला. मॅडमनी या तहावर शेरा लिहिला नाही. त्यावरूनच मला त्याचं वजन कळलं.

घरची शाळा जेवणाच्या टेबलावर भरू लागली. अकराला घंटा, मग प्रार्थना, मग हजेरी. मॅडम खणखणीत आवाजात म्हणायच्या, "पट एक, हजर एक!" आणि ते आम्हाला खालीही ऐकू यायचं. एक वाजता खिचडी. शाळेत मुलांना वाढण्याआधी बाईंनी चाखून चवीच्या वहीत नोंद करायची असते, ती पद्धतही चालू राहिली. सून मनीषा माझ्या बायकोला म्हणाली, "काकू, माझ्या खिचडीला मंगळवारी 'मीठ कमी' आणि बुधवारी 'मिठाबाबत पूर्तता केली' असा शेरा मिळालाय. माझ्या लग्नातसुद्धा इतकं लेखी काही झालं नव्हतं."

या शाळेत मॅडमना सहकारी मिळाला तो निलेशने टॅबवर घालून दिलेल्या सॉफ्टवेअरच्या रूपाने. पडद्यावर धडा येतो, आवाज तो वाचून दाखवतो आणि वाचलेला शब्द पिवळा होत जातो. मग मुलाने वाचायचं. यंत्र ऐकतं, बरोबर आलेला शब्द हिरवा करतं, अडलेल्या शब्दापाशी थांबून राहतं. कंटाळत नाही, हसत नाही, मागच्या बाकावरच्या मुलाकडे वळत नाही. मला ते आवडलं. मॅडमचं भांडण होतं ते पोपटाशी.

प्रत्येक पान संपलं की टोपी घातलेला एक पोपट पडद्यावर येई आणि किंचाळे, "वाहवा! तू तर हिरा आहेस!"

"पाठक, मी मुद्दाम सगळं चुकीचं वाचलं," मॅडम संतापून सांगत होत्या. "तरी मला हिरा म्हणाला! एकही शेरा न वाचता सरसकट उत्तम. हा माझ्या हाताखाली असता तर बदली करून पेठच्या डोंगरात पाठवला असता मी याला."

सोसायटीत माझी कॉम्प्युटरमधला माणूस अशी ख्याती आहे, कारण मी एकदा सेक्रेटरींचा प्रिंटर जोडून दिला होता. त्यामुळे या चौकशीत मी साक्षीदार झालो.

दिवाळीनंतर एक दिवस मॅडमनी मला वर बोलावलं. चेहरा गंभीर, पण वही आधीच उघडलेली. "बसा. जुई, वाच."

जुईने वाचलं. एक पान, दुसरं पान, न अडखळता, स्वल्पविरामाला थांबून. मनीषा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मॅडम टेबलाच्या टोकाला, तपासणीला बसायच्या तशा ताठ बसल्या होत्या. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होतो, तेवढ्यात सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "छान. आता दोन पानं पुढे उलट."

जुईने पानं उलटली आणि ती गप्प झाली.

सगळ्या शाळांची पाठ केलेली वाचनं पकडणाऱ्या बाईंना घरातलं वाचन महिनाभर पकडता आलं नव्हतं. पोरीने यंत्राचा आवाज ऐकून ऐकून अख्खा धडा तोंडपाठ केला होता. कुठल्या शब्दावर बोट न्यायचं, पान कधी उलटायचं, सगळं.

मला वाटलं, आता काहीतरी लेखी होणार. मॅडमनी पुस्तक मिटलं. "मधली सुट्टी," त्या म्हणाल्या आणि गॅलरीत गेल्या.

संध्याकाळी त्या जिन्यात भेटल्या. कठड्याला धरून उभ्या होत्या. "पाठक, मी वर्गात शिरले की मुलं गप्प व्हायची. मला वाटायचं, काय शिस्त आहे!" थोड्या वेळाने म्हणाल्या, "एकतीस वर्षांत कुठल्याही शाळेला मी आल्याचा आनंद झाला नाही हो. चहा मिळाला, नारळ मिळाला. पण माझी जीप फाटकाबाहेर पडली की मागे पोरांचा गलका सुरू व्हायचा. तो मला घाटापर्यंत ऐकू यायचा. जुई पण माझ्यासाठी धडा तयार ठेवायला लागली."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "पोपटापेक्षा तुम्ही बऱ्या."

"नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्यासमोर ती वाचते. चुकते, पण वाचते. मी दाराआडून ऐकलंय."

दुसऱ्या दिवशी त्या टॅब घेऊन खाली आल्या. "यातला आवाज बदलता येतो का?" येत होता. पोपटाच्या जागी घरातल्या माणसाची शाबासकीही रेकॉर्ड करून घालता येत होती. बटण दाखवलं. त्या विद्यार्थ्यासारखं सगळं वहीत लिहून घेऊन गेल्या.

पुढचा आठवडाभर रोज दुपारी आमच्या न्हाणीघराच्या झरोक्यातून वरच्या न्हाणीघरातला आवाज येई. शब्द एकच: "उत्तम." थोडी शांतता. मग पुन्हा, "उत्तम."

"वर नळ दुरुस्तीला आलाय वाटतं कुणी," बायको म्हणाली.

"असेल. पण उत्तम? त्यांच्याकडून?"

"मग नळालाच असेल. माणसाला कुठल्या देतात त्या उत्तम!"

घरच्या शाळेचं वेळापत्रक बदललं. हजेरी झाली की मॅडम बाहेर पडत आणि गॅलरीत किंवा जिन्यात बसत. आत जुई आणि टॅब. त्या काळात सोसायटीची तपासणी फारच कडक झाली. पाण्याच्या टाकीला तीन शेरे मिळाले. वॉचमनने मला विचारलं, "साहेब, मॅडमची बदली होत नाय का कुठं?"

एप्रिलच्या शेवटी तज्ज्ञ बाई आल्या. मॅडमनी त्यांना पाणी दिलं, जुईच्या केसांवरून हात फिरवला आणि सरळ जिन्यात येऊन पायरीवर बसल्या. मी तिथे होतो, कारण घरात मला बसवत नव्हतं. दार अर्धवट उघडं होतं.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मॅडमची नजर समोरच्या भिंतीवर, वही मिटलेली.

मग जुईचा आवाज आला. हे पाठ केलेलं वाचन नव्हतं. ती एकेका शब्दाचं दार ठोठावत चालली होती. "आगगाडी" वर थांबली, मागे आली, पुन्हा धरला. "बोगद्या… बोगद्यातून." एका शब्दावर इतकी थांबली, की मॅडमनी माझं मनगट पकडलं. मग तोही शब्द आला. पान संपलं.

"आता हे," तज्ज्ञ बाईंचा आवाज आला. "दोन पानं पुढचं."

मॅडमनी डोळे मिटले. आत जुईने पान उलटलं आणि वाचायला लागली. हळू, अडखळत, पण वाचायला लागली.

थोड्या वेळाने निलेश बाहेर आला. शर्टाची बाही डोळ्यांना लावत म्हणाला, "आई, बाई म्हणतात असंच चालू ठेवा. पुणं राहू दे."

मॅडम उठल्या, साडी झटकली. "समाधानकारक," म्हणाल्या. आणि एका हाताने कठडा धरून पुन्हा खाली बसल्या. मनीषाने आतून ओरडून विचारलं, की काका, चहा टाकू का, तेव्हा मी मनगट चोळत हो म्हणालो.

आठवड्याने टॅब बंद पडला. जागा संपली होती. मॅडम बाजारात गेल्या होत्या, जुई टॅब घेऊन माझ्याकडे आली. मी उघडून पाहिलं. आवाजांच्या यादीत चाळीसेक तुकडे होते, सगळे मॅडमचे. खात्यात काही फाडून टाकायची पद्धत नसते, त्यामुळे त्यांनी एकही पुसलेला नव्हता.

मी पहिला लावला. "उत्तम." निलंबनाचा आदेश वाचावा तसा. दुसरा तसाच. दहाव्याला घसा खाकरलेला. विसाव्यात "उत्तम, तथापि" आणि पुढे स्वतःवरच चिडून सोडलेला सुस्कारा. तिसाव्याच्या पुढे आवाज उतरत गेला. शेवटच्या तुकड्यात तो शब्दच नव्हता. मॅडम सटाण्याकडच्या, पण तिकडची अहिराणी बोली त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती. तिथे कुणीतरी अगदी हळू म्हणत होतं, "भारी शे, मनी बाय." म्हणजे, भारी आहे, माझी बाय. पान संपलं की जुईला हेच ऐकू यायचं.

"शेवटचा ठेवतो," मी म्हणालो. "बाकीचे काढले की जागा होईल."

जुईने टॅबवर हात ठेवला. "नको ना काका. मी रोज वाचायच्या आधी सगळे ऐकते. पहिल्यापासून."

"का गं?"

"आजीलापण आधी येत नव्हतं," ती म्हणाली. "मग आलं."

वर मॅडमच्या दाराचं कुलूप उघडल्याचा आवाज झाला. जुई पायऱ्या चढत पळाली, "आजी, आली का तू?" असं ओरडत. तिचा गलका मला खालपर्यंत ऐकू येत होता.

मी पोपट पुसून टाकला. भरपूर जागा झाली.