म्हाळसेचा मऊ भात

गरोदर बाईने काय खावे, हे ठरवण्याचा अधिकार गावातल्या प्रत्येकाला असतो. त्यासाठी शिक्षण लागत नाही, अनुभव लागत नाही, आणि पुरुषांना तर बाळंतपणही लागत नाही. हा अधिकार फक्त एकाच व्यक्तीला नसतो. ती व्यक्ती म्हणजे ती गरोदर बाई. इंदापूर तालुक्यातल्या धनगरांच्या एका वाडीवर ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या सुरळीत चालली होती. स्वातंत्र्यानंतर आठ-नऊ वर्षांनी सोनबाच्या म्हाळसेला दिवस गेले, तेव्हा त्या व्यवस्थेत पहिल्यांदा अडथळा आला.

अडथळा म्हाळसेच्या आतड्यात होता. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिला कळा, जुलाब आणि ताप सुरू झाले आणि पोरीची काडी झाली. अंगारे, काढे आणि बारामतीचे दवाखाने संपल्यावर सोनबाने तिला पुण्याला नेले. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी पोट उघडून पाहिले आणि सांगितले, की आतड्याला जागोजाग सूज आहे. या आजाराला क्रोन नावाच्या एका साहेबाचे नाव आहे. तो मुळापासून जात नाही, पण सांभाळला तर झोपून राहतो.

तो कशाने झोपतो, हे म्हाळसा सोसून सोसून शिकली होती. मऊ भात, सोललेल्या मुगाचे पातळ वरण, साल-बिया काढून शिजवलेला दुधी. शेंगदाणा, मिरची किंवा काही कच्चे पोटात गेले, की क्रोनसाहेब उठून बसायचा. दिवस गेल्याचे कळल्यावर डॉक्टर म्हणाले, "आजार निजलेला आहे, मूल नीट होईल. फक्त बाळंतपणापर्यंत त्याला उठवू नका."

एवढेच करायचे होते. पण ते वाडीवर करायचे होते.

वाडीवर भात शिजायचा सणाला, नाहीतर मरणाला टेकलेल्यासाठी. रोज भात खाणारी सून म्हणजे घरच्या भाकरीला नावे ठेवणारी सून. सासू ठमाबाई वाईट नव्हती, पण लोकांच्या तोंडाला भिणारी होती. सोनबा बाजारात वांगी विकून येताना तांदूळ आणी, तो ती पदराखाली झाकून घरात नेई.

शेजारची कुशाबाई डोहाळे विचारायला आली.

"काय खावंसं वाटतं गं, म्हाळसा?"

"मऊ भात."

"ते जेवान झालं. मी डोहाळं इचारतीया."

"मऊ भातच, काकू."

कुशाबाई ठमाबाईकडे वळली. "पोर लाजतीया. डोहाळं दाबलं की लेकराची लाळ गळती. आमच्या सोपानला मिसरूड फुटलं, तरी गळतीया."

मऊ भात हा डोहाळा म्हणून ग्राह्य धरला गेला नाही. म्हाळसेचा खरा डोहाळा शोधून काढण्याचे काम मग वाडीने अंगावर घेतले. एका घरातून हुलग्याचे माडगे आले, दुसऱ्यातून चिंच आली, तिसऱ्यातून हिरव्या मिरचीचा ठेचा. म्हाळसा हात जोडून ते सगळे घेई आणि मागच्या दाराने मेंढीपुढे ठेवी. मेंढी ठेचा सोडून बाकी सगळे खाई. त्या मेंढीइतके लाड वाडीवर आजवर कुणा गाभणीचे झाले नव्हते, आणि ती गाभण नव्हती.

शेवटी कुशाबाई स्वतः शेंगदाण्याचा लाडू घेऊन समोर बसली आणि उठेना. ठमाबाईला ओशाळल्यासारखे झाले. "खा की गं येक. कोण मरतंय लाडवानं."

म्हाळसेने खाल्ला. त्यानंतरचे काही दिवस ती अंथरुणाला आणि परसाकडच्या वाटेला खिळली. शौचातून रक्त पडू लागले. पोटातले बाळ निपचित झाले. ठमाबाई रात्रंदिवस सुनेच्या पोटावर हात ठेवून बसली. बाळाने पुन्हा पाय मारला, तेव्हा तिने हात काढला आणि चुलीवर मऊ भात ठेवला. त्या दिवसापासून तांदूळ पदराखालून बाहेर आला.

म्हाळसेला वाटले, आता सुटले. तेवढ्यात सरकारचे लक्ष तिच्याकडे गेले.

माता-आहार प्रचार समितीचे अधिकारी कुंडलिकराव वाडीवर आले. समितीला एक अशक्त गर्भवती हवी होती. तिला सर्वांसमक्ष सकस आहार द्यायचा, महिन्याभराने ती सशक्त झालेली दाखवायची, आणि पुढच्या गावी जायचे, अशी योजना होती. म्हाळसेला पाहून कुंडलिकरावांना मनापासून आनंद झाला. इतकी अशक्त गर्भवती त्यांना तालुक्यात दुसरी मिळाली नव्हती.

"साहेब, मला आतड्याचा आजार हाय," म्हाळसा म्हणाली.

"म्हणजे तुम्ही गर्भवती, की रुग्ण?"

"दोनी."

"दोन्ही कसं चालेल, बाई? समितीचं काम गर्भवतींपुरतं आहे. रुग्ण असाल तर बारामतीच्या दवाखान्यात जा."

"गेले व्हते. त्ये म्हनले, पोटुशी हायस, तर समितीकडं जा."

"मग झालं तर. दवाखान्याच्या मते तुम्ही गर्भवतीच आहात."

शासनाने तिचे दोन भाग केले होते आणि आजारी भाग कुठे ठेवायचा, हे दोन्हीकडच्यांनी तिच्यावर सोपवले होते.

समारंभ बिरोबाच्या देवळापुढे झाला. वाडी जमली. ताटात मोड आलेली कच्ची मटकी, भाजलेल्या शेंगा, गाजर आणि बियांसकट पेरू होता. कुंडलिकरावांनी मातेच्या आहारावर भाषण केले. त्यात माता कुठेच नव्हती, आहार मात्र भरपूर होता. म्हाळसा ताटासमोर बसून होती. पोटात बाळ फिरत होते. तिने सोनबाकडे पाहिले, सोनबाने जमिनीकडे पाहिले.

"खा पोरी," सरपंच आबाजी म्हणाले. "साहेब उन्हातनं आल्यात."

म्हाळसेने मटकीची मूठ उचलली.

"ठेव ती," ठमाबाई मागून म्हणाली. "बिरोबाचा नवस हाय."

कुंडलिकरावांनी डोक्यावरची टोपी काढली.

"कसला नवस?" आबाजींनी विचारले.

"बाळ हुईस्तवर मऊ अन पांढरं अन्न. म्याच बोललीया."

"मग आधी का न्हाय सांगितलं?"

"नवस काय दवंडी पिटून बोलत्यात व्हय, आबा?"

पुण्याच्या डॉक्टरांना जे जमले नव्हते, ते एका वाक्यात झाले. धार्मिक बाबींत समिती हस्तक्षेप करत नाही, असे कुंडलिकरावांनी जाहीर केले आणि सकस आहार वाया जाऊ नये म्हणून तो स्वतः खाल्ला.

घरी आल्यावर म्हाळसा हळूच म्हणाली, "आत्याबाई, तुमी तर काय बी बोलला नव्हता. द्येव कोपंल की."

"कोपला तर माझ्यावर कोपंल. तू भात गीळ."

पण आता पाळत वाडीची होती. मुगाचे वरण पिवळे असते, हे कुशाबाईने पकडले. ठमाबाई देवळात जाऊन आली आणि सोललेला मूग देव पांढऱ्यात धरतो, असा खुलासा आणला. मग दुधी निघाला.

"त्यो हिरवा हाय," कुशाबाई म्हणाली.

"आतनं पांढरा हाय. देवाला आतलं दिसतं."

आबाजींनी रविवारचा उपास सुचवला, तेव्हा पोटुशीला उपास माफ असल्याचे देवाकडून त्याच दिवशी कळले. नवसाच्या मूळ आदेशापेक्षा त्याची शुद्धिपत्रकेच जास्त झाली, पण एकाही शुद्धिपत्रकावर कुणी शंका घेतली नाही. क्रोनसाहेब झोपून राहिला. दिवस भरले आणि म्हाळसेला मुलगी झाली, चांगली गुटगुटीत, आणि पहिल्याच रडण्याने घर दणाणून सोडणारी.

समितीने हे यश आपल्याकडे घेतले. यापुढे तालुक्यातल्या प्रत्येक गर्भवतीला मऊ, पांढरे अन्नच द्यावे, असे ठरले. वाडीला ते आधीच पटले होते, कारण डोळ्यांसमोर गुटगुटीत पुरावा होता.

कुशाबाईची सून जयवंता तेव्हा पोटुशी होती. धडधाकट बाई, खुरपायला बसली की तिची पात सगळ्यांच्या पुढे. एका दुपारी ती म्हाळसेकडे आली आणि भिंतीला टेकून मटकन बसली.

"भुकेनं जीव चाललाय गं. रोज मऊ भात. शेंगाला हात लावला तर सासू देवाचं नाव घेती. त्यो नवस खोटाच व्हता, व्हय ना? तूच सांग की तिला. तुझं ऐकंल ती."

म्हाळसेने मांडीवरच्या लेकीकडे पाहिले. जयवंताच्या उतरलेल्या तोंडाकडेही पाहिले. तिला खरोखरच कळवळा आला.

"सांगीन की," ती म्हणाली. "पर जया, भाकर जडच असती बघ ह्या दिसांत. आनखी थोडं दिस भातच खा. मला लई मानवला."

म्हाळसेला हसू नका. तिने तर सोसून मत बनवले होते. तुम्ही ही गोष्ट सावलीत बसून वाचलीत, आणि तरी मघापासून तुमच्या मनात येतेच आहे, की बाकी सगळे ठीक, पण त्या भातावर म्हाळसेने निदान चमचाभर साजूक तूप तरी घ्यायला हवे होते.